एक मराठी, दोन ‘सांबार’

हिंजवडीत विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोल्हापूर आणि मुळचे मावळी शेजारी झाले. आपसांतील फरक मात्र कोणी कोणाला समजावून सांगत नाही

मुळशी तालुक्यातील हिंजवडी, माण आणि मारुंजी या गावांत संध्याकाळी भाजीच्या गाड्यांभोवती गर्दी होते. त्या गर्दीत एखाद्या तरुणाने ‘दहा रुपयांचा सांबार द्या’ असे म्हटले, तर पुणेरी ग्राहक हमखास वळून पाहतो. पुण्यात सांबार इडलीसोबत मिळते. नागपूर, अमरावती, यवतमाळकडे मात्र सांबार म्हणजे कोथिंबीर. हिंजवडीतील भाजीवाल्यांना आता हे माहीत झाले आहे. ते काही न विचारता जुडी उचलून देतात. कार्यालयातील सहकारी, घरमालक, सोसायटीतील शेजारी आणि शाळेतील शिक्षक यांच्यापर्यंत ही माहिती अजून पुरतेपणी पोहोचलेली नाही.

एकच भाषा बोलणारे दोन समाज एकत्र आले, की असे गैरसमज होतातच. ऑस्ट्रेलियात राहायला गेलेल्या अमेरिकन माणसाला हा अनुभव पहिल्याच आठवड्यात येतो. अमेरिकेतील उपाहारगृहात ‘आंत्रे’ म्हणजे जेवणातील मुख्य पदार्थ. ऑस्ट्रेलियात तोच शब्द जेवणाआधीच्या छोट्या पदार्थासाठी वापरतात. अमेरिकन माणूस ते मागवून मोठ्या ताटाची वाट पाहतो आणि समोर बशी येते. अनेक ऑस्ट्रेलियन घरांत ‘टी’ला बोलावले म्हणजे रात्रीच्या जेवणाचे आमंत्रण असते. अमेरिकेत वाढप्याला बक्षिसी न देणे हा अपमान समजला जातो, तर ऑस्ट्रेलियात तिची अपेक्षा नसते. जपानमध्ये गेलेला अमेरिकन सावध असतो, कारण तेथे भाषाच वेगळी. ऑस्ट्रेलियात भाषा ओळखीची असल्याने तो बेसावध राहतो आणि तेथेच फसतो.

महाराष्ट्रात या अनुभवाचे सर्वांत जवळचे उदाहरण हिंजवडीत सापडते.

कोण कोठून आले

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस हिंजवडी परिसरात राजीव गांधी इन्फोटेक पार्कची उभारणी सुरू केली. भात आणि उसाची शेते असलेल्या या पट्ट्यात संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. कंपन्यांपाठोपाठ देशाच्या सर्व भागांतून अभियंते आले. त्यांतील मोठा वर्ग महाराष्ट्रातीलच, पण पुण्याबाहेरचा आहे. नागपूर, अकोला, नांदेड, लातूर, जळगाव, धुळे, सांगली, कोल्हापूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पदवी घेऊन निघालेला तरुण प्रथम येथे ‘कॉट बेसिस’वर राहतो, मेसचा डबा लावतो, पुढे दोन-तीन मित्रांसह सदनिका भाड्याने घेतो आणि संसार थाटल्यावर याच परिसरात घर पाहतो.

याच मुळशी तालुक्यात, पौडजवळ खुबवलीच्या डोंगरावर १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. निरनिराळ्या देशांतील विद्यार्थी तेथे एकत्र राहून शिकतात. तेथे फरक गृहीतच धरलेला असतो. समोरचा वेगळ्या देशातून आला आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असल्याने विचारणे आणि सांगणे दोन्ही सोपे जाते. हिंजवडीत हे घडत नाही. ‘आपण सगळे मराठीच’ असे म्हटले, की विचारण्याचे कारण उरत नाही. मग जो फरक दिसतो तो वेगळेपणा म्हणून न पाहता अज्ञान, गावंढळपणा किंवा शिष्टपणा म्हणून पाहिला जातो.

‘साहेब जेवण करून राहिले’

पहिला गोंधळ क्रियापदांचा. वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींत चालू असलेली क्रिया सांगण्यासाठी ‘राहणे’ या क्रियापदाची मदत घेतात. ‘तो येऊन राहिला’ म्हणजे तो येत आहे. ‘साहेब जेवण करून राहिले’ म्हणजे साहेब या क्षणी जेवत आहेत. पुणेरी कानांना यातून साहेब जेवले आणि मुक्कामाला थांबले, असा अर्थ लागतो.

नांदेड, लातूर, बीडकडे हेच काम ‘-यला’ या रूपाने होते. ‘काय करायलास?’ म्हणजे काय करतो आहेस. ‘मी जेवायलो’ म्हणजे मी जेवतो आहे. प्रमाण मराठीत ‘जेवायला’ हे रूप हेतू दाखवते, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाक्य अर्धवट वाटते. जेवायला काय, असे तो विचारतो. कोल्हापूर भागातील अनेक मुली ‘मी जातो’, ‘मी येतो’ असे म्हणतात. पुण्यात ‘जाते’, ‘येते’ हीच स्त्रीलिंगी रूपे ऐकण्याची सवय असल्याने हे बोलणे मुद्दाम केलेले वाटते. प्रत्यक्षात ती त्या भागाची घरातली, आईकडून आलेली भाषा आहे.

दुसरा गोंधळ उच्चारांचा. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा ‘डोया’ होतो, काळा ‘काया’ होतो आणि शाळा ‘शाया’ होते. ‘मला’, ‘तुला’ यांच्याऐवजी ‘मले’, ‘तुले’ येते. ‘का’ किंवा ‘कशासाठी’ यांच्या जागी ‘काहून’ येते.

तिसरा गोंधळ संबोधनाचा. नागपूरकडे मित्रांत ‘काय बे’ हे पुण्यातील ‘काय रे’च्या जागी येते आणि त्यात जवळीक असते. पुण्यात ‘बे’ उर्मट समजला जातो. उलट, पुण्यात बरोबरीच्या सहकाऱ्यालाही प्रथम भेटीत ‘अहो’, ‘तुम्ही’ म्हणण्याची पद्धत आहे. विदर्भातून आलेल्या तरुणाला तो आदर वाटत नाही. आपल्याला लांब ठेवले जात आहे, असे वाटते. दोघेही सभ्यपणे वागत असतात आणि दोघांनाही समोरचा असभ्य वाटतो.

ताटातला भूगोल

एकाच सदनिकेत राहणाऱ्या चार मराठी मुलांचे स्वयंपाकावरून मतभेद होतात, तेव्हा त्यामागे बहुधा चार जिल्हे असतात. पुण्याच्या आमटीत चिंच-गूळ आणि गोडा मसाला पडतो. नागपूरकराला ती गोड लागते. त्याच्या पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री हवी, तर पुणेकराच्या पोह्यांवर ओले खोबरे आणि कोथिंबीर. पुण्यातील कोथिंबीर वडी म्हणजे बेसनात कोथिंबीर मिसळून, उकडून, कापून तळलेली वडी. नागपूरची सांबारवडी निराळी. तिच्यात पिठाच्या पातळ पारीत कोथिंबिरीचे मसालेदार सारण भरतात. जळगावकडचा माणूस वांग्याचे भरीत, शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या मिश्र पिठाची कळण्याची भाकरी यांची आठवण काढतो. मराठवाड्यातील घरात ज्वारीची भाकरी रोजची.

यजमान मुळशीचे ताट यांपैकी कोणासारखेच नाही. हा भरपूर पावसाचा, भाताचा तालुका. येथील आंबेमोहोर तांदूळ प्रसिद्ध आहे आणि जुन्या घरांत तांदळाची व नाचणीची भाकरी होते. म्हणजे भाकरी म्हटल्यावर मुळशीकराच्या डोळ्यांसमोर पांढरी भाकरी येते आणि लातूरकराच्या डोळ्यांसमोर ज्वारीची.

प्रदेशाला एकाच रंगात रंगवण्याची चूकही येथे वारंवार होते. ‘विदर्भ म्हणजे ज्वारी आणि तिखट’ असे पुण्यात मानले जाते. परंतु भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा मोठा भाग हा भाताचा प्रदेश आहे. तेथील झाडीबोलीही अकोला-अमरावतीच्या वऱ्हाडीहून वेगळी आहे. भात खाण्याच्या बाबतीत भंडाऱ्याचा माणूस अकोल्याच्या माणसापेक्षा मुळशीच्या शेतकऱ्याला जवळचा ठरतो.

एक बैल, तीन तिथ्या

सणांच्या बाबतीत फरक अधिक ठळक आहे. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात बैलपोळा श्रावण अमावास्येला होतो. नागपूरकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो; त्यात लहान मुले लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात. त्याच दिवशी नागपूर शहरात मारबत आणि बडग्यांची मिरवणूक निघते. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे बैलांचा सण आषाढात बेंदूर म्हणून साजरा होतो. पुणे जिल्ह्यातील अनेक गावांत मात्र तो भाद्रपद अमावास्येला येतो. त्यामुळे नागपूरच्या अभियंत्याने पोळ्याच्या शुभेच्छा दिल्या, तर सांगलीकराचा सण होऊन गेलेला असतो आणि मुळशीच्या घरमालकाचा यायचा असतो.

भाद्रपदातील गौरींना विदर्भात आणि मराठवाड्यात महालक्ष्मी किंवा महालक्ष्म्या म्हणतात. तेथे अनेक घरांत या सणाचे महत्त्व गणपतीपेक्षाही अधिक असते आणि जेवणाला मोठा गोतावळा जमतो. ‘घरी महालक्ष्म्या आहेत, तीन दिवस सुट्टी हवी’ असा अर्ज आला, की पुणेरी वरिष्ठाला मार्गशीर्षातील गुरुवारचे व्रत आठवते आणि भाद्रपदात ते कसे, असा प्रश्न पडतो. मुलींच्या खेळांचेही तसेच. पुण्यात नवरात्रात भोंडला, कोल्हापूर भागात हादगा, तर खानदेशात आणि विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई. गाणी वेगळी, दिवस वेगळे; झाकलेली खिरापत ओळखण्याची गंमत मात्र सर्वत्र आहे.

यजमान गावाचाही स्वतःचा सण आहे. हिंजवडीच्या म्हातोबा देवाची यात्रा चैत्रात भरते आणि तिच्यात बगाड निघते. इन्फोटेक पार्कमध्ये कित्येक वर्षे नोकरी केलेल्या अनेकांना त्या दिवशी रस्ता बंद असतो, एवढेच ठाऊक असते.

आग्रह आणि अंतर

पाहुणचार हा सर्वांत नाजूक विषय. पुण्यात ‘चहा घेणार का?’ हा खरोखरच प्रश्न असतो. ‘नको’ म्हटले, की चहा येत नाही आणि त्यात कोणाचा अनादर नसतो. विदर्भ-मराठवाड्यातील अनेक घरांत पहिले ‘नको’ हे शिष्टाचाराचे असते. यजमानाने ते न मानता आग्रह करायचा असतो. त्यामुळे पुण्यात एकदा ‘नको’ म्हणून चहाविना परतलेला पाहुणा ही गोष्ट गावी सांगतो आणि पुणेरी पाहुणचारावरचे विनोद आणखी एका वर्षाने जगतात. याच्या उलट, नांदेडच्या घरी तिसऱ्यांदा वाढले जाताना पुणेकर पाहुणा हवालदिल होतो. आपल्या ‘पुरे’ या शब्दाला येथे किंमत नाही, असे त्याला वाटते.

न कळवता घरी जाणे हेही असेच. लहान शहरात, जेथे नातेवाईक दहा मिनिटांच्या अंतरावर असतात, तेथे दार ठोठावणे ही आपुलकी आहे. रोजच्या प्रवासात दोन-तीन तास घालवणाऱ्या शहरात आधी दूरध्वनी करणे हीच आपुलकी ठरते. ही स्वभावातील उणीव नव्हे. अंतर, वेळ आणि घराचा आकार यांनी घडवलेल्या या सवयी आहेत. हिंजवडीत काही वर्षे राहिलेला नागपूरकरही पुढे आधी फोन करू लागतो.

फरकांचे मूळ

या भिन्नतेचे एक मोठे कारण इतिहासात आहे. मराठी भाषकांचे एक राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. त्यापूर्वीच्या शतकभरात मराठी माणूस निरनिराळ्या राजवटींखाली वाढला. पुणे, सातारा, खानदेश आणि कोकण मुंबई इलाख्यात होते. नागपूर ही मध्य प्रांताची आणि पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. १९५६ पर्यंत ती जुन्या मध्य प्रदेश राज्याचीही राजधानी राहिली. तेथे मराठी आणि हिंदी शेजारीशेजारी नांदल्या. म्हणून नागपूरकराच्या मराठीत ‘आलू’ आणि ‘टमाटर’ सहज येतात. ते अलीकडच्या चित्रपटांमधून आलेले नाहीत.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून दिले जात होते. खानदेशात अहिराणीसारख्या बोलींना गुजरातीचा शेजार लाभला, कोल्हापूरला कानडीचा. १९५३ च्या नागपूर करारानंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि साडेतीन वर्षांनी महाराष्ट्र झाला. राज्याचा नकाशा जुळला. स्वयंपाकघर, पंचांग आणि क्रियापदे जुळण्याचे कारण नव्हते.

प्रमाण कोणाचे?

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. या सर्व बोलींपैकी पुण्याकडची मराठीच ‘शुद्ध’ कशी ठरली?

पेशवाईत सत्तेचे केंद्र पुणे होते. इंग्रजी अमलात मुंबई आणि पुणे ही छापखान्यांची, शाळाखात्याची आणि क्रमिक पुस्तकांची केंद्रे झाली. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. त्यात जॉर्ज आणि थॉमस कँडी या बंधूंचा सहभाग होता. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुस्तके जेथे लिहिली गेली, तेथील सुशिक्षित वर्गाची भाषा सर्वांच्या शाळेत पोहोचली. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीविषयक खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा देशावरची मराठी हीच प्रमाण मानून वऱ्हाड आणि मध्य प्रांतातील मराठीला बोलीचे स्थान दिले गेले होते.

पुढे लेखनाचे नियम मात्र एका शहराने ठरवले नाहीत. मराठी साहित्य महामंडळात पुणे आणि मुंबईच्या संस्थांबरोबर विदर्भ साहित्य संघ आणि मराठवाडा साहित्य परिषद यांचाही वाटा होता. महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली. हे नियम लेखनासाठी आहेत. कोणी घरात कसे बोलावे, याविषयी ते काहीही सांगत नाहीत.

प्राचीनतेचा निकष लावला, तर पुण्याचा दावा आणखी कमजोर होतो. मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ मानला जाणारा ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सिद्ध केला. मराठी भाषा विद्यापीठासाठी राज्य शासनाने याच गावाची निवड केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. जुन्या मराठी ग्रंथांची परंपरा अभिजाततेचा मोठा आधार आहे आणि तिच्यातला महत्त्वाचा वाटा ज्या भूमीचा, तिच्याच आजच्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणणे विसंगत ठरते. साहित्यानेही बोलींना केव्हाच स्वीकारले आहे. बहिणाबाई चौधरी यांची कविता जळगावकडच्या लेवा बोलीत आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ या कादंबरीतील माणसे वऱ्हाडीत बोलतात. पुस्तकात जिचे कौतुक होते, ती बोली कार्यालयात ऐकू आली की मात्र हसू येते.

यजमानांची बोली

या सर्व चर्चेत मुळशीकर विसरले जातात. ‘पुणेरी’ मराठी हीच येथील मूळ भाषा, असे बाहेरून आलेल्यांना वाटते. ते खरे नाही. हिंजवडी, माण, नेरे, पौड येथील जुनी माणसे मावळी वळणाची मराठी बोलतात. तीत ‘नाही’चे ‘नाय’, ‘होते’चे ‘व्हतं’ आणि ‘आम्ही’चे ‘आमी’ होते. ‘पाणी’ला ती ‘पानी’ म्हणतात. वऱ्हाडातील शेतकरीही ‘पानी’च म्हणतो. म्हणजे नागपूरचा भाडेकरू आणि मुळशीचा घरमालक या बाबतीत एका बाजूला आहेत. दोघांनाही पुण्यातील शाळेने सारखेच दुरुस्त केले आहे.

बाहेरच्यांशी मुळशीचा संबंधही जुना आहे. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी धरण बांधण्याच्या विरोधात १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेते पांडुरंग महादेव बापट पारनेरचे. मुळशीने त्यांना आपले मानले आणि याच लढ्यातून ते सेनापती बापट म्हणून ओळखले जाऊ लागले. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. पुढच्या पिढ्यांनी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला इन्फोटेक पार्कसाठी जमिनी जाताना पाहिल्या. आज त्यांतील अनेक कुटुंबे भाड्याच्या खोल्यांवर, पाण्याच्या टँकरवर आणि वाहनांच्या व्यवसायावर उभी आहेत. भाडेकरूंना घरमालकाचे बोलणे रांगडे वाटते, घरमालकाला भाडेकरूचे बोलणे ‘तिकडचे’ वाटते. कागदोपत्री दोघांचीही मातृभाषा मराठी.

किंमत कोणती?

या गैरसमजांवर हसून विषय संपवता आला असता. परंतु त्यांचा एक परिणाम गंभीर आहे. बोलीवरून हशा पिकला, की माणूस बोली सुधारत बसत नाही. तो भाषाच बदलतो. हिंजवडीतील चहाच्या टपरीवर अकोल्याचा आणि साताऱ्याचा तरुण एकमेकांशी हिंदीत बोलताना आढळतात, ते दोघांना मराठी येत नाही म्हणून नव्हे. हिंदीत दोघेही सारखेच परके असतात आणि कोणीच कोणाला दुरुस्त करत नाही. बैठकीत तोच मुलगा इंग्रजीचा आधार घेतो. मराठीच्या पीछेहाटीसाठी परप्रांतीयांकडे बोट दाखवणे सोपे आहे. मराठी माणसाने मराठी माणसाला गप्प केल्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

दुसरी पिढी याहून अडचणीत आहे. गावाहून मुक्कामाला आलेली आजी नातवाला ‘शायेत गेलता का?’ असे विचारते आणि नातू तिचे उच्चार दुरुस्त करतो. आई-वडील कौतुकाने हसतात. काही दिवसांनी आजी सोसायटीच्या बाकावर बसून नुसते ऐकू लागते. घरातली बोली ही अशी एका पिढीत संपते. तिच्यासोबत म्हणी जातात, नात्यांची नावे जातात, भुलाबाईची गाणी जातात.

यावर उपाय खर्चिक नाही. लेखनासाठी प्रमाण मराठी आवश्यक आहे; अर्ज, पाठ्यपुस्तक आणि वृत्तपत्र तिच्याशिवाय चालणार नाही. बोलण्यासाठी मात्र ‘चूक’ या शब्दाच्या जागी ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ हा प्रश्न पुरेसा आहे. खुबवलीच्या डोंगरावर परदेशी विद्यार्थी एकमेकांना हा प्रश्न संकोच न करता विचारू शकतात. त्याच तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याकडील सोसायट्यांमध्ये मराठी माणसानेही तो मराठी माणसाला विचारायला हरकत नाही. भाजीवाल्यांनी तो केव्हाच विचारला आहे.

चौकट : शब्द तोच, अर्थ निराळा

वऱ्हाड : विदर्भाच्या पश्चिम भागाचे नाव आणि लग्नाची मंडळी, असे दोन्ही अर्थ. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगातील वऱ्हाड लग्नाचे असून त्यातील बोली मराठवाड्याची आहे. अनेक जण ती वऱ्हाडी समजतात.

कथा : प्रमाण मराठीत गोष्ट, अहिराणीत ‘कोठे’.

पोळी : पुण्यातील अनेक घरांत आणि विदर्भात गव्हाची रोजची पोळी, कोल्हापूरकडे बहुधा पुरणाची. रोजच्या पोळीला तेथे चपाती म्हणतात.

मोठे बाबा, मोठी आई : विदर्भात आणि मराठवाड्यात वडिलांचे थोरले भाऊ आणि त्यांची पत्नी. पुण्यात दोघांनाही काका-काकू म्हणून संबोधण्याची पद्धत असल्याने ‘मोठे बाबा येणार आहेत’ हे वाक्य कोड्यात टाकते.

फल्ली : विदर्भात भुईमूग. फल्लीचे तेल म्हणजे शेंगदाण्याचे तेल.

पटवारी : पश्चिम महाराष्ट्रातील तलाठी. विदर्भात जुना शब्द बोलण्यात टिकून आहे.

हाव : प्रमाण मराठीत लोभ, विदर्भात आणि मराठवाड्याच्या काही भागांत ‘हो’. ‘घरी येणार का?’ या प्रश्नाला ‘हाव’ असे उत्तर आले, तर तो होकार समजावा.

आखाजी : खानदेशातील अक्षय तृतीया. पुण्यात या दिवशी आंबा आणि सोनेखरेदीची चर्चा असते. खानदेशात सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात आणि झोके बांधले जातात.